लिलावातलं घर आणि जमीन : बोली लावण्याआधी पाड्यात बोला



होळी झाली, भट्ट्यांवरची माणसं आता परत येऊ लागतील. हिशोब होईल, कोणाच्या हातात चार पैसे राहतील. नेमक्या याच दिवसांत सोसायटीचे वसुलीवाले जीप घेऊन पाड्यांत शिरतात, कारण मार्चअखेर त्यांना वर आकडा दाखवायचा असतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कागद चिकटतो: अमुक थकबाकीदार, अमुक गट नंबर, जमीन इतकी, त्यातल्या घरासह, जाहीर लिलाव. गेल्या दोन वर्षांत असे कागद वाढलेत. त्याबरोबर आमच्याकडे येणारा एक प्रश्नही वाढलाय. आधी लोक विचारायचे, "माझं घर लिलावात निघालंय, काय करू?" आता दुसरेही येतात. हळू आवाजात विचारतात, "लिलावात घर-जमीन स्वस्तात मिळतेय, घेऊ का?"

विचारणारे आपलेच आहेत. शाळामास्तर आहे, तारापूरच्या कारखान्यात कायम झालेला पोरगा आहे, दोन हंगाम भट्टीवर राबून आलेलं जोडपं आहे. त्यांना जमीन पाहिजे यात काही पाप नाही. जमीन नाही म्हणून तर सगळी वणवण. तेव्हा त्यांना नुसतं "घेऊ नका" म्हणून आम्ही गप्प बसलो तर ते आम्हाला न विचारता घेतील, आणि मग काय होतं ते आम्ही पाहिलंय.

तेच आधी सांगतो. आमच्या ओळखीचं एक जोडपं. नाव-गाव लिहीत नाही, कारण त्यांना आधीच पुरेसं ऐकून घ्यावं लागलंय. मागच्या चैत्रात त्यांनी एका सोसायटीच्या लिलावात अडीच एकर आणि घर 14,000 रुपयांना घेतलं. 9,000 स्वतःचे. 5,000 भट्टीच्या मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल. कागदावर लिहिलं होतं "गट नंबर अमुक, त्यातील कौलारू घरासह". ताबा घ्यायला गेले तर घर त्या गटात नव्हतंच. ते शेजारच्या गटात, थकबाकीदाराच्या भावाच्या जमिनीवर उभं. भावाने कर्ज घेतलेलं नाही, त्याचा लिलावाशी काही संबंध नाही. जी जमीन खरंच लिलावात होती त्या सातबाऱ्यावर तीन नावं. थकबाकीदाराचा हिस्सा तिसरा. म्हणजे यांनी 14,000 दिले ते एकराहून कमी जमिनीचे, तीही वेगळी न काढलेली. खाचर कोणाचं, वरकस कोणाचं, ते ठरलेलं नाही. विहीर भावाच्या बाजूला. सोसायटीत गेले तर तिथला साहेब म्हणाला, "आम्ही थकबाकीदाराचा जो काही हक्क असेल तो विकला. तो किती, हे तुम्ही बघायचं होतं."

हे बोलणं उद्धट असलं तरी कायद्याने बरोबर आहे. लिलावात विकला जातो तो फक्त थकबाकीदाराचा हक्क, त्याचा जेवढा असेल तेवढाच. बँक किंवा सोसायटी जमिनीची हमी देत नाही, हद्दीची देत नाही, ताब्याची तर नाहीच. बाजारात बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, खूर उचलून बघतो. इथे बैल दावणीला आहे की नाही तेही न बघता पैसे मोजले गेले. ते जोडपं आता त्या 5,000 च्या उचलीपायी दुसऱ्यांदा भट्टीवर आहे.

म्हणून पहिली गोष्ट. कागद वाचून नाही, जागेवर जाऊन बघायचं, आणि एकट्याने नाही. लिलावाच्या नोटिशीतला गट नंबर घ्या, तलाठ्याकडून त्याचा चालू सातबारा काढा. नोटिशीवर लिहिलेला उतारा बऱ्याच वेळा कर्ज देतानाचा असतो, म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वीचा. मधल्या काळात बाप मेला, वारस लागले, बहिणीचं नाव चढलं, कुठे विधवेचा हक्क लागला. सातबाऱ्याच्या वरच्या बाजूला किती नावं आहेत ते मोजा. एकाहून जास्त असतील आणि कर्ज एकाच्याच सहीचं असेल, तर तुम्ही जमीन नाही, भांडण विकत घेताय. वाटप करून मागता येतं, महसूल कायद्याच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे अर्ज करून. पण त्याला किती फेऱ्या पडतात ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

सातबाऱ्याच्या "इतर हक्क" या रकान्यात सगळ्यात जास्त वेळ घालवा. आपली माणसं तिथे बघतच नाहीत, कारण अक्षर बारीक असतं नि तलाठी घाईत असतो. तिथे दुसरा बोजा असतो. पूर्वी तो भूविकास बँकेचा विहिरीचा, सरकारी तगाईचा, एखाद्या वेळी आदिवासी सोसायटीच्या खावटीचा असायचा. सोसायटी आपल्या कर्जासाठी जमीन विकते. दुसऱ्याचं कर्ज त्याने आपोआप फिटतं असं नाही. तिथेच "नवी शर्त" किंवा "कलम 43 ला पात्र" असा शेरा असतो. तो कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर असतो. आपल्या भागातल्या बऱ्याच जमिनी अशाच आहेत, कूळ म्हणून आपल्या बापांना मिळालेल्या. अशी जमीन 2014 पर्यंत परवानगीशिवाय हस्तांतर होत नव्हती. परवानगी लागत असेल तर लिलाव करणाऱ्याने ती घेतलीय का, हे लेखी विचारायचं. तोंडी "होऊन जाईल" याला काही किंमत नाही.

आणि तिसरा शेरा, तो सगळ्यात फसवा: वनाचा. 30 ऑगस्ट 1975 ला खाजगी वनं सरकारजमा झाली. ठाणे-रायगडात अशा कितीतरी जमिनी आहेत की ज्यांच्या एका सातबाऱ्यावर शेतकऱ्याचं नाव चालूच राहिलं नि दुसऱ्या कागदावर ती वनखात्याची झाली. मग तुम्ही पैसे भरून जाल, राब भाजायला लागाल आणि फॉरेस्टगार्ड येऊन उभा राहील. एकसाली प्लॉट, दळीची जमीन, अतिक्रमणाची जमीन यांची तर विक्रीच होऊ शकत नाही. त्या कसणाऱ्याच्या नावे लावून घेण्यासाठीच आपली लढाई चालू आहे. तरी पाड्यात कोणी कोणी "लिलावातली आहे" म्हणून अशा जमिनीचा कच्चा कागद विकतो. तो कागद चुलीत घालायच्या लायकीचा.

घराचं वेगळं सांगायला हवं. शहरातल्या माणसाला वाटतं घर म्हणजे त्याच्याखालची जमीन आलीच. आपल्याकडे तसं नाही. कारवीच्या कुडाचं घर कुठे गावठाणात असतं, कुठे खळ्याच्या कडेला, कुठे गुरचरणात, कुठे वनहद्दीत, कुठे मामाच्या जमिनीत. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या नोंदीत घर कोणाच्या नावे आहे ते बघा. पण घरपट्टी भरली म्हणजे जमीन आपली झाली असंही समजू नका. घरपट्टी घराची, जमिनीची नाही. घर नक्की कुठल्या गटात आहे हे मोजणीवाल्यांकडच्या नकाशावरून कळतं. मोजणीचा खर्च वाचवायला गेलं तर वर सांगितलं तसं होतं. निदान शेजारच्या चार बाजूंच्या माणसांना उभं करून हद्द विचारा. त्यांना बाप-आजापासून माहीत असतं, आणि ते तलाठ्यासारखं नंतर बदलत नाहीत.

वाट कुठून आहे, विहीर कोणाची, ओढ्याचं पाणी वरचा माणूस अडवतो का, हेही तेव्हाच बघायचं. पावसात बघितलं तर जास्त कळतं.

एक प्रकार असाही पाहिलाय की घेणाऱ्याला जमीन नकोच असते. त्याला जुन्या घराचे सागाचे खांब, तुळया नि वासे पाहिजे असतात. घर बोलीत घ्यायचं, महिनाभरात मोडायचं, लाकूड ट्रकात भरून शहराकडे. सागाच्या वाहतुकीला पास लागतो, तो कोणी काढत नाही. आणि आदिवासीच्या जमिनीवरची उभी झाडं विकायला कलेक्टरची परवानगी लागते, तसा 1969 चा कायदाच आहे. तरी शेतातला साग, खैर, आंबा लिलावातल्या घरासोबत गुपचूप मोजला जातो. पकडला जातो तो ज्याच्या नावावर घर घेतलं तो.

आता नियमाचं. सोसायटीच्या लिलावाला ठरलेली रीत आहे. ती माहीत असली म्हणजे घेणाऱ्यालाही नि ज्याचं घर जातंय त्यालाही उपयोग होतो. आधी सहाय्यक निबंधकाकडून वसुलीचा दाखला, 101 चा दाखला म्हणतात तो. मग जप्ती. मग विक्रीचा जाहीरनामा. तो लिलावाच्या निदान 30 दिवस आधी वसुली अधिकाऱ्याच्या कचेरीत आणि तालुक्याच्या कचेरीत लावावा लागतो. गावात लिलावाच्या आधी लागोपाठ दोन दिवस दवंडी आणि लिलावाच्या दिवशी सुरू होण्यापूर्वी पुन्हा दवंडी. विचारा आपल्या पाड्यातल्या कोणाला, दवंडी ऐकली का? दवंडी कागदावर पिटली जाते. लिलाव होतो तो ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, पाड्यापासून चार मैलांवर, पाच माणसांत.

बोली ज्याची चढेल त्याने तिथल्या तिथे 15 टक्के भरायचे. उरलेले 15 दिवसांत. 14,000 ची बोली असेल तर 2,100 त्याच दिवशी आणि 11,900 पंधरा दिवसांत. नाही भरले तर आधीचे 2,100 बुडण्याची पाळी येते आणि फेरलिलाव होतो. म्हणून खिशात सगळे पैसे असल्याशिवाय हात वर करू नका. "पंधरा दिवसांत कुठून तरी करू" म्हणणारा माणूस पंधराव्या दिवशी सावकाराच्या किंवा मुकादमाच्या दारात असतो.

पैसे भरले तरी जमीन तुमची झाली नाही. लिलावाच्या तारखेपासून 30 दिवसांत थकबाकीदाराने सगळी थकबाकी, व्याज, खर्च भरला आणि त्याशिवाय तुमच्या बोलीच्या रकमेवर 5 टक्के तुमच्यासाठी भरले, म्हणजे वरच्या हिशोबात 700 रुपये, तर लिलाव रद्द होतो. तुमचे पैसे नि ते 700 तुम्हाला परत. याच 30 दिवसांत लिलावात मोठी गफलत किंवा लबाडी झाली असेल तर तशी तक्रारही करता येते. दवंडी न पिटणं ही गफलतच आहे. हे सगळं संपल्यावर लिलाव कायम होतो आणि विक्रीचा दाखला मिळतो. दाखला हातात येईपर्यंत कौल बदलू नका, बांध घालू नका, विहीर खणू नका. दाखला आल्यावर लगेच तलाठ्याकडे फेरफार घालायला द्या आणि अर्जाची पोच घ्या. पोच नाही तर अर्ज नाही.

तहसीलदाराकडून सरकारी वसुलीचा लिलाव याहून थोडा वेगळ्या नियमाने चालतो. त्यांच्या नोटिशीत अनामत नि मुदत लिहिलेली असते, ती वाचून घ्या किंवा वाचता येणाऱ्याला घेऊन जा.

इथपर्यंत झालं कागदाचं. पण खरी गाठ पुढे आहे, नि तिच्यावरून आमच्या बैठकीत दोनदा रात्र झाली.

आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सहजासहजी विकता येत नाही, हे आता लहान पोरालाही माहीत आहे. महसूल कायद्याचं कलम 36-अ. 6 जुलै 1974 पासून विक्री, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा, काहीही करायचं तर कलेक्टरची आधी परवानगी, आणि पाच वर्षांपर्यंतचं गहाण किंवा भाडेपट्टा सोडला तर बाकी सगळ्याला सरकारची मंजुरीही. त्या कलमात स्वच्छ म्हटलंय की कोर्टाच्या हुकूमनाम्याने किंवा कुठल्या अधिकाऱ्याच्या आदेशाने होणारी विक्रीसुद्धा यात धरली आहे. म्हणजे लिलावाच्या वाटेनेही शेठला आपली जमीन सरळ घेता येत नाही. घेतली तर ती बेकायदा ठरते, सरकारजमा होऊ शकते आणि मूळ आदिवासीला परत देण्याची तरतूद आहे.

हे शेठला आपल्याहून चांगलं माहीत आहे. म्हणून तो लिलावात येत नाही. तो ओट्याच्या बाहेर जीपमध्ये बसतो. आत आपल्यातलाच एक जण बोली लावतो. त्याला 500 रुपये, एक बाटली, आणि "जमीन तुझ्याच नावावर राहील रे" असं आश्वासन. पैसे शेठचे, अंगठा आपला. लिलाव कायम झाला की शेठ त्याच्याकडून कोऱ्या स्टँपवर सह्या घेतो, कुलमुखत्यारपत्र घेतो, हातउसन्याची चिठ्ठी लिहून घेतो. एका ठिकाणी तर मृत्युपत्र लिहून घेतलं. तिशीतल्या माणसाचं मृत्युपत्र! मग तिथे कुंपण पडतं, पोल्ट्री येते, चिकूची कलमं लागतात. सातबाऱ्यावर नाव आपलं, आत जायला बंदी आपल्यालाच.

अशा नाव देणाऱ्यांना आम्ही सरळ सांगतो. 1988 मध्ये बेनामी व्यवहाराविरुद्ध कायदा झालाय. खरा पैसेवाला कोर्टात जाऊन "नाव याचं असलं तरी जमीन माझी" असा दावा लावू शकत नाही. इतकं ऐकून काही जण हसतात, म्हणतात, मग बरंय, आपण नाव देऊ नि जमीन ठेवून घेऊ. तसं नाही. त्याच कायद्यात असा व्यवहार करणं हा गुन्हा आहे, त्याला कैद आहे. आणि शेठ कोर्टात जात नाही, तो हातउसन्याच्या चिठ्ठीवर तुमच्यावर पैशाचा दावा लावतो किंवा चार माणसं पाठवतो. ज्यांनी कोऱ्या कागदावर सह्या दिल्या असतील त्यांनी आताच संघटनेच्या ऑफिसात येऊन सांगावं. ओरडणार नाही. थोडं ओरडू, पण अर्जही करू.

तर बैठकीतला वाद असा होता. आमच्यातले काही साथी म्हणाले, आदिवासीच्या घराच्या लिलावात कोणीच बोली लावू नये. बोली नाही तर लिलाव नाही. आपल्या आयाबायांनी 1945 साली लग्नगडीची गुलामी मोडली ती एकीनेच. तसाच बहिष्कार. ऐकायला हे बरोबर वाटतं, आणि जिथे पाडा पक्का आहे तिथे आम्ही तेच करतो. मागच्या साली एका पाड्यात तीन वेळा लिलाव पुकारला, तीनही वेळा कोणी हात वर केला नाही. शेवटी सोसायटीने हप्ते बांधून दिले.

पण दुसरे म्हणाले, प्रत्येक पाडा तसा पक्का नाही. आपण गप्प बसलो तर जीपमधला शेठ नाव शोधतो नि नाव मिळतंच. आणि बोली आलीच नाही तर सोसायटी ती जमीन आपल्याकडे घेऊन ठेवू शकते, तशी कायद्यात सोय आहे. मग घर ना म्हाताऱ्याला, ना पाड्याला. त्यापेक्षा पाड्यातल्याच भूमिहीनाने घेतलेलं बरं.

आमचं मत, आता ठरलेलं, ते असं आहे. लिलावाचा कागद लागला की आधी पाड्याची बैठक. घेणाऱ्याने तिथे येऊन उघड सांगायचं, मला घ्यायचंय. ज्याचं घर जातंय त्याच्या तोंडावर. जो हे करू शकत नाही त्याने घेऊ नये. बैठकीत पहिला प्रश्न कर्जाचा: हे कर्ज खरंच बाकी आहे का? 1990 साली केंद्र सरकारने 10,000 रुपयांपर्यंतच्या थकबाकीची माफी दिली. त्यात बसणाऱ्या कितीजणांची नावं यादीत गेलीच नाहीत. कोणी अर्ज केला नाही, कोणाला सचिवाने सांगितलंच नाही. खावटी घेतलेल्याच्या नावावर विहिरीचं कर्ज दाखवलेलंही आम्ही बघितलंय. विहीर कुठे आहे विचारलं तर विहीर नाही. आधी कर्जखात्याचा उतारा मागा, मुद्दल किती, व्याज किती, भरणा किती. तो न बघता लिलावात उतरणारा आपल्या भावाच्या फसवणुकीला हात लावतोय.

दुसरं, पाड्याने मिळून थकबाकी भरता येते का ते बघायचं. तीस दिवसांची मुदत ही त्यासाठीच आहे. थोडी थोडी वर्गणी, मजुरीचा एक दिवस, काही ठिकाणी डिंक-मोहाच्या पैशातून हे झालंय.

हे काही जमलं नाही तरच पाड्यातल्या भूमिहीनाने किंवा कमी जमीनवाल्याने घ्यावं, स्वतःच्या पैशाने. ज्याला दहा एकर आहे आणि नोकरी आहे त्याने नाही. आमच्या काही शिकलेल्या पोरांना हे वाक्य आवडणार नाही. पगार आला म्हणून तुम्ही परके झालात असं आम्ही म्हणत नाही. पण पाड्यातली सगळी लिलावाची जमीन एका मास्तरकडे जमा झाली तर शेठच्या जागी आपला शेठ, एवढाच फरक.

आणि उचलीच्या पैशाने तर कोणीच घेऊ नये. मुकादमाच्या पैशाने घेतलेली जमीन नांगरायला तुम्ही जूनमध्ये घरी असाल, पण कापणी झाली की तुम्हाला बायकापोरांसकट भट्टीवर जावंच लागेल, उचल फिटेपर्यंत. दिवाळी ते होळी घराला कुलूप. मग त्या घराला घर का म्हणायचं?

राहत्या माणसांचंही बोलून ठेवायचं. लिलाव कायम झाल्यावर ताबा द्यायला अधिकारी येतो, पंचनामा करतो, निघून जातो. संध्याकाळी म्हातारी परत ओट्यावर येऊन बसते. ती म्हणते, "मी कुठं जाऊ? माझी सासू इथंच मेली." तिला हात धरून काढणारा पाड्यात तोंड दाखवू शकत नाही. ज्यांनी पोलीस आणले त्यांची पोरं दोन वर्षं लग्नाला कोणी बोलावली नाहीत, हेही आम्ही पाहिलंय. तेव्हा घेण्याआधीच ठरवा: घरातली माणसं किती दिवस राहतील, उभं पीक कोण कापेल, घरातला हिरवा देव कधी नि कोणत्या विधीने बाहेर निघेल, म्हातारीला पडवी किंवा कोपऱ्यात एक झोपडी ठेवता येईल का. पाच माणसांसमोर ठरवा आणि लिहून ठेवा. मूळ माणसाला दोन-तीन वर्षांत तेवढेच पैसे परत करून जमीन घ्यायची असेल तर ती त्याला द्यायची, असं दोन पाड्यांनी ठरवलंय. कायद्यात हे नाही. पाड्याने ठरवलं तर पाड्यात चालतं.

आता एक उलटी बाजू, जी आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लिलावात नुसती आपलीच घरं निघत नाहीत. सावकारांची, शेठची, बागायतदाराचीही निघतात. त्यांनी मोठी कर्जं काढली नि बुडवली. अशी शेतावरची घरं, चांगली पक्की, सोबत खाचर, आपल्यातल्या कोणी चार जणांनी मिळून घ्यायची म्हटलं तर त्याला 36-अ ची आडकाठी नाही. घ्या, आम्हाला आनंदच आहे. पण पैसे काढण्याआधी एक करा. त्या गटाचे जुने फेरफार काढा, 1957 पर्यंत मागे जा. ती जमीन त्या शेठकडे आली कोणाकडून?

कारण 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीकडून बिगरआदिवासीकडे गेलेली शेतजमीन मूळ मालकाला परत देण्याचा कायदा आहे, 1 नोव्हेंबर 1975 पासून लागू. कसणाऱ्या मूळ आदिवासीला ती परत मिळते, त्यासाठी जमिनीच्या आकाराच्या 48 पट रक्कम आणि सुधारणांची किंमत भरायची असते, तीही हप्त्याने. आकार म्हणजे शेतसारा. आपल्या वरकस जमिनीचा आकार रुपया-दोन रुपये असतो. 48 पट केलं तरी शंभराच्या आतबाहेर. कलेक्टर स्वतःहूनही अशी चौकशी लावू शकतो. मग जी जमीन शंभर रुपयांत परत मागता येते ती लिलावात दहा हजारांना का घ्यायची? आणि ती तुमच्या नाही, शेजारच्या पाड्यातल्या कोणाच्या आजाची निघाली तर? तुम्ही पैसे भरून बसाल आणि तो अर्ज घेऊन येईल, आणि त्याचा अर्ज बरोबर असेल, आणि आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. आधीच सांगून ठेवतो.

एका गटात नेमकं हेच निघालंय. 1963 चा फेरफार, आदिवासी बाईचा अंगठा, घेणारा शेठ. लिलावाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्या बाईचा नातू जिवंत आहे, मजुरी करतो, त्याला काही माहीत नव्हतं. त्याचा अर्ज लिहून तयार आहे. प्रांताकडे द्यायला शुक्रवारी जायचंय. ज्यांच्याकडे त्या जमिनीवर आपल्या माणसांनी शेत कसल्याच्या जुन्या पावत्या, कुळाच्या नोंदी, काहीही असेल त्यांनी गुरुवारी बाजाराच्या दिवशी ऑफिसात आणून द्यावं. त्या आजीला ओळखणारी म्हातारी माणसं कोणी असतील तर त्यांना गाडीभाडं संघटना देईल.

ज्यांच्या घराला लिलावाचा कागद लागलाय त्यांनी तो कागद जसाच्या तसा आणावा, फाडू नये. आणि ज्यांना घ्यायचंय त्यांनीही यावं, सातबारा, आठ-अ नि पैसे कुठून आणलेत ते सांगायची तयारी घेऊन.